काका म्हणजे नक्की कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे काकाचं खूळ डोक्यात शिरलं कुठून?

एका व्हिडिओ कॉलमुळे. माझा भाऊ नोकरीसाठी स्वीडनला गेला, त्याची मुलगी तिथेच जन्मली, आणि ती दोन वर्षांची असताना एका रविवारी कॉलवर तिने माझ्या दिशेने बोट दाखवून अगदी खणखणीत "काका!" म्हटलं. इकडे आईने डोळ्याला पदर लावला, मी पण जरा फुगलोच. वहिनी मात्र हसायला लागली. कारण फोन ज्याला टेकवून ठेवला होता तो बिस्किटांचा डबा होता, आणि स्वीडिशमध्ये काका म्हणजे केक किंवा बिस्किट, पाळणाघरात रोज कानावर पडणारा शब्द. डबा उघडला, पोरीने एक बिस्किट तोंडात घातलं, दुसरं माझ्यासमोर कॅमेऱ्याला चिकटवलं आणि परत म्हणाली "काका". आता हे बिस्किटाचं नाव की माझं, देव जाणे. तेव्हापासून मी हा एक शब्द जिथे दिसेल तिथे टिपून ठेवतो, आणि ओळखीपाळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी घरचं सांगा. मराठीतला काका आला कुठून?

यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो फारसीतून, कारण फारसीत काका म्हणजे मोठा भाऊ, घरातला वडीलधारा माणूस. दुसरा म्हणतो ही बाळबोली आहे, म्हणजे आई, बाबा, दादा, मामा यांच्यासारखाच पोराच्या तोंडात सहज बसणारा दुहेरी आवाज, त्याला मोठ्यांनी नंतर एक माणूस चिकटवला. मला दुसरी बाजू जास्त पटते पण फारसीने हातभार लावलाच नसेल असंही वाटत नाही, एकाच शब्दाला दोन बाजूंनी ढकललं जाऊ शकतं की. काका गुजरातीत आहे, बंगालीत आहे, हिंदीत चाचासोबत काका पण चालतो. थोडक्यात ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही.

मग चुलता आणि काका यात फरक काय?

माणूस तोच, पण "अहो चुलते" अशी हाक कोणी मारत नाही. चुलता हा सांगायचा शब्द, काका हा हाकेचा. आणि शब्द म्हणून बघितलं तर चुलत्याची वंशावळ काकापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, संस्कृतातल्या क्षुल्लतात म्हणजे "धाकटा बाप" याच्यापासून घासत घासत चुलता झाला, पालीत पण चुल्लपिता आहे. आपण ज्याला क्षुल्लक म्हणतो तोच हा क्षुल्ल, म्हणजे लहान. चुलत्यांना हे लग्नाच्या पंगतीत सांगू नका, मी सांगितलं होतं, मठ्ठा पुढे सरकला नाही.

आणि हो, "काका मला वाचवा" आठवणार नाही असा मराठी माणूस नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं तेव्हा ते ज्यांच्याकडे धावले ते त्यांचे सख्खे काका रघुनाथराव. ही आरोळी लोककथेतून आली आहे, पण गंमत बघा, पुतण्या ज्यांना काका म्हणतो त्यांना उभा महाराष्ट्र राघोबादादा म्हणून ओळखतो. काका आणि दादा एकाच माणसात. हे लक्षात ठेवा, खाली आफ्रिकेत गेल्यावर लागेल.

अफगाणिस्तानात पण काका-मामाच म्हणतात, हे खरंय का?

खरंय, आणि अर्थ पण आपलेच. काबूलकडच्या दरी फारसीत बापाचा भाऊ काका आणि आईचा भाऊ मामा. पण तीच फारसी इराणमध्ये बोलतात तेव्हा काकाला अमू म्हणतात आणि मामाला दायी, आणि तेहरानमध्ये मामा म्हणजे चक्क सुईण. म्हणजे एकाच भाषेच्या पूर्वेकडच्या बाजूला आपल्यासारखी नाती आणि पश्चिमेला वेगळी. हा योगायोग वाटत नाही, शेजाऱ्यांची देवाणघेवाण वाटते. कुर्द लोकांत काक किंवा काका म्हणजे मोठा भाऊ, आणि नावाच्या आधी मानाने लावतात, आपण "राव" मागे लावतो तसं ते पुढे.

राजेश खन्नाला काका म्हणायचे. तो कुणाचा काका?

कुणाचाच नाही. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, बाळ, छोकरा. अमृतसरमध्ये जन्मलेल्या पोराला घरी लाडाने काका म्हणायचे आणि तेच नाव इंडस्ट्रीत चिकटलं, "ऊपर आका, नीचे काका" इथपर्यंत मजल गेली. मराठी प्रेक्षकाला मात्र वाटायचं की एवढा तरणाबांड हिरो आणि काका काय. आपल्याकडचा पिकल्या केसांचा शब्द पंजाबात लंगोटातला आहे.

उलट काका कालेलकर खरोखर आपल्या अर्थाने काका. साताऱ्यात १८८५ ला जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायचे, तिथे मास्तरांना सर-गुरुजी न म्हणता घरच्या नात्याने हाक मारायची रीत होती, त्यात यांच्या वाट्याला काका आलं. मामा फडके पण तिथलेच. पुढे गांधीजींसोबत, मग १९५३ च्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष, आणि सगळीकडे काकासाहेबच. आपल्याकडे नातं आधी आणि नाव मागून.

आफ्रिकेत काका म्हणजे काय?

कुठल्या आफ्रिकेत ते सांगा, खंड मोठा आहे. केनिया-टांझानियाकडे स्वाहिली बोलतात, तिथे काका म्हणजे भाऊ, विशेषतः मोठा. आणि बहीण म्हणजे दादा. परत वाचा. बहिणीला दादा म्हणतात. बाजारात आपण जसं अनोळखी माणसाला "ओ दादा, वांगी कशी दिली" आणि बाईला "ओ ताई" करतो तसं तिथे बाप्याला काका आणि बाईला दादा. त्यामुळे राघोबादादा तिथे गेले असते तर काका म्हणून भाऊ आणि दादा म्हणून बहीण झाले असते. वर बाबा म्हणजे बाप आणि मामा म्हणजे आई, आणि बाबू म्हणजे आजोबा. आपल्या घरातलीच भांडी, फक्त फडताळात दुसऱ्या कप्प्यात लावलेली.

इथे मी योगायोग म्हणून लगेच हात झटकत नाही, कारण हिंदी महासागरात मोसमी वाऱ्यावर गलबतं शेकडो वर्षं ये-जा करत होती आणि स्वाहिलीत दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रांगी म्हणजे रंग, चपाती म्हणजे चपाती. एवढे शब्द उतरले तर एखाददुसरं नातंही बंदरावर उतरलं असेल अशी शंका घ्यायला जागा आहे.

जाता जाता: स्वाहिलीत खवले मांजराला काकाकुओना म्हणतात. शब्द फोडला तर "भावाने तुला बघितलं" असा काहीतरी ऐकू येतो. मला हा शब्द इतका आवडतो की कारण नसताना वापरावासा वाटतो.

पश्चिमेला नायजेरिया-नायजरकडे हौसा भाषेत काका म्हणजे आजी किंवा आजोबा. आणि स्वर जरा बदलला की सुगीचा हंगाम.

स्पेनमध्ये काका म्हटलं की पोरं खिदळतात. का?

कारण तिथे त्याचा अर्थ शी. ती आपली सकाळची शी. स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की, हंगेरियन, रशियन, ग्रीक, सगळीकडे लहान मुलांच्या तोंडी काका किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी, इटालियनमध्ये काक्का, फिनिशमध्ये काक्का, जर्मनमध्ये काक्के. लॅटिनमध्ये यासाठी काकारे असं रीतसर क्रियापद होतं.

आता इथे एक बारीक गोष्ट. लॅटिन, ग्रीक, रशियन, जर्मन या एकाच मोठ्या कुटुंबातल्या भाषा, आपली मराठीही त्याच कुटुंबातली, तेव्हा त्यांच्यात शब्द सारखा असणं समजू शकतं. पण फिनिश आणि हंगेरियन त्या कुटुंबातल्या नाहीत, तुर्की तर अजूनच वेगळी. तरी शब्द तोच. शेजाऱ्याकडून उचलला असेल, किंवा प्रत्येक आईने पॉटवर बसलेल्या पोराला तोच आवाज करून दाखवला असेल. आपल्याकडे आई "शूऽऽ" करते त्यातून "शू" झालीच ना. हे शब्द कोशात जन्मत नाहीत, मोरीत जन्मतात.

ग्रीकमध्ये काकोस म्हणजे वाईट, ते यातूनच आलं का?

तसा अंदाज बरेच जण करतात आणि तो तर्काला धरून आहे. काकोस म्हणजे वाईट, त्यावरूनच इंग्रजीत ककॉफनी आलं, कर्कश गोंगाट. आधुनिक ग्रीकमध्ये तर "काकाऽ" असा शेवटी जोर देऊन म्हटलं की त्याचा अर्थ "वाईट गोष्टी" पण होतो आणि बाळाची शी पण होतो. आपल्याकडे "शी!" म्हणजे घाण पण आणि "शी, काय हा सिनेमा" पण. वेगळं काय आहे सांगा.

मग फुटबॉलपटू काकाचं काय? इटलीत त्याला लाज वाटत नसेल?

नसावी, २००७ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, त्याने तिथेच मिलानकडून खेळताना जिंकला. त्याचं खरं नाव रिकार्डो. धाकट्या भावाला लहानपणी रिकार्डो म्हणता येईना, तो काका म्हणायला लागला आणि तेच राहिलं. म्हणजे इथे काकाला काहीही अर्थ नाही, तो एका बोबड्या पोराच्या तोंडात रिकार्डोचा झालेला भुगा आहे. आपल्याकडे प्रत्येक वाड्यात असा एक बंड्या, बाळ्या, चिंट्या असतोच, ज्याचं खरं नाव लग्नपत्रिकेतच कळतं.

आणि इटालियन कानाला ते वेगळं ऐकू येतं. त्याच्या नावात जोर शेवटच्या "का"वर, आणि इटालियन शीमध्ये जोर पहिल्या "का"वर, वर मधला क दुहेरी. काकाऽ आणि काऽक्का. आपल्याला रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून गोंधळ.

स्वीडनच्या केकबद्दल अजून सांगा.

आवडता विषय. स्वीडिश काका हा इथल्या सगळ्या काकांमध्ये एकटा असा आहे की ज्याचे कागद पूर्ण आहेत. जुन्या नॉर्स भाषेत काका म्हणजे केक, व्हायकिंग लोकांबरोबर तो इंग्लंडात गेला आणि इंग्रजीत केक झाला, तोच केक इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि पुण्यात वाढदिवसाला कापला जातो. म्हणजे आपण ज्याला केक म्हणतो त्याचा पणजोबा काकाच आहे. हे माझ्या भावाने आईला समजावायचा प्रयत्न केला, आईचं म्हणणं एवढंच की मग पोरगी काकालाच बोलवत होती.

तिकडे कॉफीसोबत सात प्रकारची बिस्किटं मांडायची जुनी पद्धत, आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखी, सहा झाली तर यजमानीण चिक्कू आणि आठ झाली तर भपका. अनेकवचन काकोर. आणि वेबसाइट उघडली की "कुकीज स्वीकारा" असं जे येतं ते स्वीडिशमध्ये "काकोर स्वीकारा" असं येतं, भाऊ म्हणतो पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं सगळ्या चुलत्यांना स्वीकारा. एक म्हणपण आहे, काका सोकेर माका, शब्दशः केक जोडीदार शोधतो, म्हणजे आपलं "जशास तसे" नव्हे तर "समानशीले" वालं, सारख्याला सारखा भेटतो.

शेजारच्या फिनलंडने हाच शब्द उसना घेऊन काक्कू केला. काक्कू म्हणजे केक, काक्का म्हणजे शी. एका स्वराचा फरक. बेकरीत जाताना जपून.

कावळ्याचा काक आणि आपला काका, काही संबंध?

नात्याचा नाही, पण आवाजाचा विचार केला तर कावळा हा या सगळ्यात सीनियर. संस्कृतात काक. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची मुळं शोधणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात, इसवी सनाच्याही कितीतरी आधी, सरळ लिहिलंय की काक ही आवाजाची नक्कल आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. लगेच पुढे औपमन्यव नावाच्या आचार्यांचं उलट मत पण नोंदवलंय, की आवाजाची नक्कल वगैरे काही नसतं. म्हणजे वाद तेव्हापासून चालू आहे, आणि दोघंही नदीकाठी बसून कावळ्यांचा कलकलाट ऐकत हा वाद घालत असतील असं मला नेहमी वाटतं.

तमिळमध्ये पण कावळा म्हणजे काक्का, मल्याळममध्येही. तमिळमध्ये कोणाची हांजी हांजी करण्याला "कावळा पकडणे" म्हणतात. आणि केरळातल्या मापिळा मुसलमानांत काक्का म्हणजे मोठा भाऊ, तेव्हा तिथे एकाच घरात कौलावरचा काक्का वेगळा आणि ओटीवरचा वेगळा. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की सगळे ताटकळतात, त्या पिंडावरच्या काकालाच बहुतेक काका लोक सगळ्यात जास्त मनधरणी करताना दिसतात, "ये रे बाबा, पोरांकडे बघतो आम्ही". शब्दांचा संबंध नसला तरी प्रसंगाचा आहे.

तिकडे न्यूझीलंडमध्ये माओरी लोक एका मोठ्या, तपकिरी, भांडखोर पोपटाला काका म्हणतात, तोही ओरडण्यावरूनच. वेलिंग्टन शहरातून तो नाहीसा झाला होता, २००२ मध्ये तिथल्या कुंपण घातलेल्या झीलँडिया अभयारण्यात परत आणून सोडला आणि आता लोकांच्या बागेतल्या झाडांच्या साली सोलतो. त्याचा भाऊबंद काकापो, "पो" म्हणजे रात्र, म्हणजे रात्रीचा काका, उडता न येणारा हिरवा गुबगुबीत पोपट, जगात अडीचशेच्या आसपास उरलेत. रात्री जागणारा, जाडा, उडत नाही आणि एका जागी बसून घुमतो. असा एक काका प्रत्येक खानदानात आहे.

काकाकुवा पण यातलाच का?

काकाकुवा मूळचा मलय भाषेतला, काकातुआ. मलयमध्ये काका किंवा आता काकाक म्हणजे मोठं भावंडं आणि तुआ म्हणजे म्हातारा, त्यामुळे तिथले लोक सांगतात की काकातुआ म्हणजे म्हातारा दादा. ही फोड नंतर जुळवलेली असू शकते, पण शब्द मलय बेटांवरूनच डच-पोर्तुगीजांच्या जहाजातून जगभर गेला एवढं पक्कं. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा काकाकुवा झाला कारण आपल्याला काका ओळखीचा, तुआ अनोळखी. मलेशियात आज काकाक म्हटलं की मोठी ताईच डोळ्यासमोर येते, आणि इंडोनेशियात दुकानातली मुलगी पण गिऱ्हाईकाला "काक" म्हणते, मग ते बाई असो की बुवा.

जपानमध्ये?

तिथे तीन निघतात. काक्का म्हणजे महामहिम, राजदूत-सेनापती यांना लावायचं ते. काका म्हणजे जुन्या बोलीत आई, आजच्या ओकाआसान या शब्दाच्या पोटात तोच बसलाय. आणि काकाआ म्हणजे बायको, घरगुती, थोडं गावरान, "आमची मंडळी" म्हणतो ना त्या सुरात. त्यावरून काकाआ देन्का, बायकोचं राज्य असलेलं घर. यासाठी गुन्मा हा प्रांत प्रसिद्ध आहे, कारण तिथे रेशमाचा धंदा, किडे पाळणं, सूत काढणं, विणणं सगळं बायकांच्या हातात, घरात पैसा त्या आणायच्या, मग आवाज कोणाचा चालणार. १८७२ ची तोमिओका रेशीम गिरणी तिथलीच. २०१५ मध्ये जपान सरकारने गुन्माच्या या काकाआ देन्काला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातलं. बायकोच्या हुकमतीला सरकारी शिक्का. आमच्या गल्लीत अर्ज केला तर निम्मी घरं बसतील.

आईवरून आठवलं, १५१६ च्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहात असं कोडं आहे: आईसाठी दोनदा भेटतात, बापासाठी एकदाही नाही, ओळखा. उत्तर ओठ. आज जपानीत आईला हाहा म्हणतात, त्यात ओठ कुठे भेटतात? भेटत नाहीत, पण तेव्हा तो उच्चार फाफासारखा होता, दोनदा ओठ जवळ यायचे, आणि बाप म्हणजे चिची, त्यात नाही. एका पोरकट कोड्यावरून पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार सापडला. मला विचाराल तर या सगळ्या लेखातली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे, आणि ती काकाबद्दल नाहीच आहे.

दक्षिण अमेरिकेत काका म्हणजे मामा असतो, हे खोटं वाटतं.

वाटतं, पण आहे. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातली केचुआ भाषा, इंका लोकांची, तिच्यात काका म्हणजे आईचा भाऊ. आणि मामा म्हणजे आई. म्हणजे आपला काका तिकडे मामा आणि आपला मामा तिकडे आई. "मामाच्या गावाला जाऊ या" हे केचुआ पोराने ऐकलं तर त्याला वाटेल घरीच तर आहोत. या भाषेचा आणि मराठीचा कोलंबसच्या आधी दुरूनही संबंध नाही, तरी नात्यांचे तेच दोन आवाज, फक्त खुर्च्या बदललेल्या.

म्हणजे सगळ्या भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या हे सिद्ध झालं ना?

नाही हो. हा फॉरवर्ड मला महिन्यातून दोनदा येतो. एका शब्दावरून नातं जोडणं म्हणजे आडनाव सारखं म्हणून जमिनीत वाटा मागणं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. उत्तर क्वीन्सलँडमधल्या म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला "डॉग" म्हणतात. इंग्रजीतून घेतलेला नाही. १९६० च्या दशकात डिक्सन नावाचे भाषाशास्त्रज्ञ तिथे शब्द गोळा करत होते, त्यांनाही आधी वाटलं की हा माणूस इंग्रजी शब्द सांगतोय. पण आजूबाजूच्या भाषांत कुत्र्याला गुडागा म्हणतात, आणि म्बाबाराममध्ये शब्दांची पुढची टोकं झडून जातात, स्वर बदलतात, तसं गुडागाचं झिजत झिजत डॉग झालं. शुद्ध योगायोग. तसाच फारसीत बद म्हणजे वाईट आणि इंग्रजीत बॅड म्हणजे वाईट, काही संबंध नाही. जपानी आरिगातो हे पोर्तुगीज ओब्रिगादोवरून आलं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, पण पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचायच्या कितीतरी आधी आरिगाताशी हा शब्द तिथे होता.

मग खरा संबंध आहे की नाही हे कळतं कसं?

रस्ता दाखवता आला पाहिजे. कोण कुठून आलं, कधी आलं, सोबत काय घेऊन आलं. गोव्यात पोर्तुगीज आले, पाव आला. जपानमध्ये पोर्तुगीज गेले, तिथे पान आला, पान म्हणजे पाव. दोन्हींचा बाप पोर्तुगीज पांव. मुंबईचा वडापाव आणि टोकियोच्या बेकरीतला पान हे खरे चुलतभाऊ, कारण जहाज माहीत आहे, साल माहीत आहे आणि वस्तू शब्दासोबत आली. साबण, बटाटा, चावी पण त्याच बोटीतले.

आणि जुनं, रक्ताचं नातं असेल तर एक शब्द नव्हे, शब्दांच्या रांगाच्या रांगा एकाच पद्धतीने बदललेल्या दिसतात, आकडे, अवयव, क्रियापदं सगळं. दोन, दुओ, तीन, त्रेस असं ओळीने. काकाचं असं होत नाही, तो प्रत्येक ठिकाणी एकटाच येऊन उभा राहतो.

पण इतक्या भाषांत नेमका काकाच का?

कारण सोपा आहे. क आणि आ हे आवाज जवळपास प्रत्येक भाषेत आहेत, आणि पोरांना दोनदा म्हणायला आवडतं. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने मामा-पापाबद्दल असंच मांडलं होतं, की दूध पिताना तोंड बंद असताना निघणारा म्-म् आवाज, त्यातून मामा, आणि मोठी माणसं कौतुकाने ठरवतात की मला हाक मारली. माझ्या आईने नेमकं तेच केलं. जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे बाप आणि देदा म्हणजे आई, आवाज पोराचा, वाटप मोठ्यांचं. आपल्याकडे बघा, मंमं म्हणजे जेवण आणि पापा म्हणजे मुका.

त्यात क, ग हे आवाज तर बाळ दोन-तीन महिन्यांचं असल्यापासून घशातून काढतं, आपण "अग्गू केलं" म्हणतो ते. म्हणून मी कुठलाही सारखा शब्द दिसला की आधी विचारतो, हा बाळाचा आहे, पक्ष्याचा आहे की जहाजाचा. तिन्ही नसेल तर बहुतेक वेळा योगायोग.

काकडी, काकवी, काकडआरती यांचा काकाशी संबंध?

नाही. काकडी संस्कृत कर्कटीवरून, काकवी कानडीतून आलेली, आणि काकडा म्हणजे पिळलेल्या कापडाची वात. पुढचा प्रश्न.

काकू आणि काकी यांचं काय?

काकू मला बाहेर कुठे खास भेटली नाही. काकी मात्र फिरते. मलयमध्ये काकी म्हणजे पाय. जपानीत काकी म्हणजे ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, आणि शिंपल्यातलं कालवही काकीच. फ्रेंचमध्ये काकी म्हणजे ते जपानी फळ पण आणि खाकी रंग पण, फळ पूर्वेकडून आलं आणि खाकी आपल्याकडून इंग्रज फौजेमार्गे गेली, दोघी पॅरिसमध्ये एकाच घरात राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

आम्ही मुलाकडे जर्मनीला चाललोय. नातवाने आमच्या ह्यांच्या भावाला चारचौघांत काका म्हटलं तर?

म्हणू द्या. ट्राममध्ये एखादं पोरगं फिसकन हसेल, त्याची आई त्याला दटावेल. फार तर "सुरेशकाका", "मोठे काका" असं पुढे काहीतरी जोडून म्हणायला शिकवा, म्हणजे सुट्टा शब्द ऐकू येत नाही, आमच्याकडे बर्लिनच्या भाच्याने हेच केलंय. फक्त एवढं बघा की पोरगं पाळणाघरात "काका, काका" ओरडत असेल आणि बाई त्याला घाईघाईने बाथरूमकडे नेत असेल तर तो बहुतेक कुणाची तरी आठवण काढतोय, हे बाईंना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा.